एलेव्हेशन म्हणजे रंगीत चित्र नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरबांधणीविषयीच्या लेखांत आणि जाहिरातींत इमारतीच्या रंगीत, भोवती झाडे आणि मोटारी दाखवणाऱ्या चित्राखाली ‘एलेव्हेशन’ असे सर्रास छापलेले असते. अनेक वर्षे नकाशे काढण्यात घालवलेल्या मला ते खटकते, आणि त्याचे कारण केवळ शब्दाचा सोवळेपणा नाही. असे चित्र डोळ्याला दिसते तसे काढलेले असल्याने त्यात जवळची खिडकी मोठी आणि लांबची लहान दिसते; एलेव्हेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या एका बाजूच्या प्रमाणबद्ध नकाशात, मात्र इमारतीच्या प्रत्येक बिंदूपासून एका उभ्या प्रतलावर काटकोनात रेषा टाकलेल्या असतात, त्यामुळे सारख्या मापाच्या दोन्ही खिडक्या सारख्याच उतरतात आणि १:१०० प्रमाणाच्या नकाशात ३ मीटर उंचीचा मजला बरोबर ३ सेंटिमीटर भरतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच गणिती गास्पार मोंज यांनी आडव्या आणि उभ्या प्रतलांवर वस्तू उतरवण्याचे हे तंत्र शास्त्रशुद्ध रीतीने मांडले.

अर्थात एलेव्हेशनवरचे प्रत्येक माप खरे असतेच असे नाही. त्या प्रतलाला समांतर असलेला भागच खऱ्या मापात दिसतो. आपल्याकडून मागे ४५ अंशांत चढत गेलेले, उतारावर ४ मीटर भरणारे छप्पर एलेव्हेशनमध्ये जेमतेम २.८३ मीटर दिसते, आणि तेवढ्यावरून कौलांचा हिशेब करणाऱ्याला ती हमखास कमी पडतात.

मराठीत यासाठी रूढ असलेला ‘दर्शनी नकाशा’ हा शब्दही मला अपुरा वाटतो, कारण त्यातून फक्त पुढची बाजू सूचित होते. परसदारच्या भिंतीलाही एलेव्हेशन असतेच. (भूमापनात हाच शब्द ठरावीक पातळीपासूनच्या उंचीसाठी येतो, तो अर्थ वेगळा.) ‘उभे दृश्य’ म्हटले तर चारही बाजू त्यात मावतात. रंगीत चित्राला सरळ ‘थ्री-डी चित्र’ म्हणावे, अशी आपल्या उपसंपादकांना विनंती आहे.

आणखी एक घोळ नेहमी होतो. ‘उत्तर एलेव्हेशन’ म्हणजे उत्तरेकडे तोंड करून पाहिलेली बाजू, असे अनेकजण समजतात. प्रत्यक्षात ती उत्तरेकडे तोंड असलेली भिंत असते आणि ती पाहायची तर इमारतीच्या उत्तरेला उभे राहून दक्षिणेकडे पाहावे लागते.

आपला,
एक निवृत्त आरेखक