युद्धावरच्या पुस्तकांचं परीक्षण करताना एवढं तरी बघा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं पुस्तक परीक्षण मी न चुकता वाचतो, कारण कराडजवळच्या आमच्या गावातलं वाचनालय मी बघतो आणि नवीन काय घ्यायचं हे बरंचसं त्यावरच ठरतं. खरेदीला पैसे थोडे असतात, एक पुस्तक चुकीचं घेतलं की दुसरं चांगलं राहून जातं. म्हणून हे पत्र. युद्धाच्या काळातले नेते आणि त्यांनी घेतलेले निर्णय यावरच्या पुस्तकांची जी परीक्षणं मराठीत येतात त्यात बहुतेक वेळा पुस्तकातली गोष्टच परत सांगितलेली असते आणि शेवटी 'प्रत्येकाच्या संग्रही असावं असं पुस्तक'. पण लेखकाने हे कशाच्या जोरावर लिहिलंय, कुठले कागद बघितले, कोणाला विचारलं, हे कुठे येतच नाही आणि मला नेमकं तेच पाहिजे असतं.

आमच्याकडे यशवंतराव चव्हाणांवरचं पुस्तक आलं की लगेच जातं, कराडच आहे हे. १९६२ ला ते मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असं लोक म्हणायचे, अजून म्हणतात. पण त्या वाक्यावरच पुस्तक संपत असेल तर त्यात यशवंतराव सापडत नाहीत. १ सप्टेंबर १९६५ घ्या. जम्मूकडच्या छांबमध्ये पाकिस्तानचे रणगाडे पहाटे घुसले, दुपारी चारच्या सुमारास लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाईदलाचे अर्जनसिंग त्यांच्या ऑफिसात आले आणि विमानं वापरायची परवानगी मागितली. यशवंतरावांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट न बघता तिथल्या तिथे हो म्हटलं आणि तासाभराच्या आसपास पठाणकोटहून विमानं उडाली. एवढं सगळेच लिहितात. पण त्याच संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर विमानं पडली आणि काही मारा आपल्याच फौजेवर झाला, हे बरीच पुस्तकं गाळतात नाहीतर एका ओळीत उरकतात.

माझं म्हणणं असं की हे लिहिलं म्हणून यशवंतराव लहान होत नाहीत, उलट तेव्हाच कळतं की त्या माणसाने काय अंगावर घेतलं होतं. तीन वर्षांपूर्वी चीनच्या लढाईत आपण लढाऊ विमानं वापरलीच नव्हती आणि त्याबद्दल नंतर किती बोललं गेलं हे त्यांना माहीत होतं. हाताशी जुनी विमानं, संध्याकाळ व्हायला आलेली, खाली आपले कोण आणि त्यांचे कोण हे नीट कळत नाही आणि हो किंवा नाही आत्ता सांगायचं. त्या चार वाजता त्यांना काय ठाऊक होतं, त्यावर निर्णय तोलायला पाहिजे. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे म्हणून मागे जाऊन शाबासकी देणं किंवा दोष देणं सोपं आहे, आणि निम्मी पुस्तकं तेवढंच करतात.

दुसरी गोष्ट, साक्ष कोणाची. त्याच लढाईत ९-१० सप्टेंबरला पंजाबातल्या खेमकरणकडे परिस्थिती बिकट होती. पश्चिम विभागाचे प्रमुख हरबक्षसिंग यांनी नंतर सांगितलं की चौधरींनी त्यांना बियास नदीच्या मागे यायला सांगितलं होतं आणि त्यांनी ते ऐकलं नाही. तसं झालं असतं तर अमृतसर सोडावं लागलं असतं, त्यामुळे ही साधी गोष्ट नाहीये. पण हे हरबक्षसिंगांच्या स्वतःच्या पुस्तकात आलं तोवर चौधरी जाऊन काही वर्षं झाली होती, ते १९८३ मध्येच वारले. मग खोटं समजायचं का? तसंही नाही. यशवंतराव त्या दिवसांत रोज डायरी लिहायचे, त्यांचे सचिव राम प्रधान यांनी पुढे त्यावरून पुस्तक केलं. त्यात लष्करप्रमुख थोडे डळमळीत वाटले आणि आपण त्यांना पुढच्या आघाडीवर जाऊन यायला सांगितलं अशी नोंद आहे. रात्री थकून लिहिलेली दोन ओळींची नोंद आणि पंचवीस-तीस वर्षांनी सांगितलेली आठवण यांचं वजन वेगळं असतं, आणि या नोंदीने बियासची गोष्ट पूर्ण सिद्ध होत नाही, फक्त तिला थोडा आधार मिळतो. असं तोलून दाखवणारा लेखक मला पाहिजे आणि तो तोलतोय की नाही हे सांगणारा परीक्षक पाहिजे.

आपल्याच कोल्हापूरकडचे जनरल थोरात, त्यांनी चीनचा धोका १९५९ मध्येच लिहून कळवला होता आणि तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी तो मनावर घेतला नाही, नेहरूंपर्यंत तो कागद वेळेत गेलाच नाही. वाचताना जीव तुटतो. पण यातलं बरंचसं आपल्याला थोरातांच्याच आत्मचरित्रातून कळतं आणि १९६२ च्या त्या पराभवावरचा लष्कराचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने आजपर्यंत अधिकृतपणे खुला केलेला नाही, २०१४ ला त्याचा काही भाग इंटरनेटवर आला तेवढाच. मला स्वतःला थोरात खरे वाटतात. तरी पुस्तकात हे सगळं सिद्ध झाल्यासारखं लिहिलं असेल तर परीक्षकाने तिथे बोट ठेवलं पाहिजे. १९७१ च्या एप्रिलमधली लष्करप्रमुख माणेकशांची गोष्ट तर शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे, लगेच लढाई करायला इंदिराबाईंना तोंडावर नाही म्हणाले ती, पण तीसुद्धा मुख्यतः त्यांनी स्वतः नंतर सांगितलेली आहे आणि कागदपत्रं बघितलेल्या काही अभ्यासकांचं म्हणणं आहे की एप्रिलमध्ये लगेच लढाई करायचं इंदिराबाईंच्याही मनात नव्हतं.

आणि सूची! मराठी चरित्रात मागे नावांची सूची नसते, तळटिपा नसतात, हे कुठल्याच परीक्षणात का येत नाही? मागच्या महिन्यात बारावीचा एक मुलगा आला, त्याला निबंधासाठी छांबची माहिती पाहिजे होती, साडेचारशे पानांचं पुस्तक घेऊन आम्ही दोघं पान पान चाळत बसलो, तासभर गेला, आणि सापडलं ते कुठून घेतलंय हे लिहिलेलंच नव्हतं. त्याने मला विचारलं की काका हे खरं आहे का, आणि मला त्याला काहीच सांगता आलं नाही.

तेव्हा प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी दोनच ओळी छापाल का, पुस्तकाला सूची आणि संदर्भ आहेत की नाहीत आणि लेखकाने मूळ कागद किती बघितले. जागा फार जाणार नाही. आमची पुढची खरेदी मार्चच्या आधी असते.

आपला,
एक वाचक, कराड (जि. सातारा)