दोन शिखरे म्हणजे स्ट्राँग कपलिंग नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

औंढा नागनाथला लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा होणार हे ठरल्यापासून मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत प्रकाशाच्या कॅव्हिटीविषयी, म्हणजे दोन आरशांमधल्या प्रकाश कोंडणाऱ्या पोकळीविषयी, उत्सुकता वाढली आहे. लायगोची कॅव्हिटी ४ किलोमीटर लांब. त्याच तत्त्वाची, पण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही अरुंद कॅव्हिटी एमएस्सीच्या प्रकल्पात करता येते: समोरासमोर चांदीचे दोन आरसे आणि मधे क्वांटम डॉट (आपल्या आकारानुसार ठरावीक रंगाचा प्रकाश देणारे अर्धवाहकाचे नॅनोकण) मिसळलेला प्लास्टिकचा थर. २०२३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलनंतर क्वांटम डॉटचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. प्रयोग उत्तम आहे आणि कोटिंग युनिट (निर्वातात धातूचा थर चढवणारे यंत्र) व स्पिन कोटर (द्रावण गरगर फिरवून पातळ थर पसरवणारे यंत्र) असलेल्या कुठल्याही विभागात होण्यासारखा आहे. आमची हरकत निष्कर्षाला आहे. वर्णपटात दोन शिखरे दिसली की ‘स्ट्राँग कपलिंग साधले’, म्हणजे डॉट आणि कॅव्हिटीतला प्रकाश इतके घट्ट जोडले गेले की दोघांच्या मिळून दोन नव्या ऊर्जापातळ्या झाल्या, असे लिहून मोकळे होण्याचा मोह आवरायला हवा.

आधी बांधणीचे. काचपट्टीवर २-३ नॅनोमीटर क्रोमियम, त्यावर १०० नॅनोमीटर चांदी. क्रोमियम वगळले तर चांदी सेलोटेपला चिकटून निघून येते. मग टोल्युइनमध्ये पीएमएमए (हेच ते पारदर्शक प्लास्टिक) आणि डॉट एकत्र विरघळवून स्पिन कोटरवर थर द्यायचा आणि वर ३० नॅनोमीटर चांदी. हिशेब चुकतो तो मधल्या थराचा. ६२० नॅनोमीटरला अनुनाद (कॅव्हिटी ज्या तरंगलांबीला प्रतिसाद देते ती) हवा म्हणून तरंगलांबीला अपवर्तनांकाच्या दुपटीने, म्हणजे २.९८ ने भागतात आणि २०८ नॅनोमीटर हे उत्तर धरून बसतात. प्रकाश चांदीतही थोडा शिरतो, त्यामुळे थर १५०-१६० चाच लागतो. इथे १० नॅनोमीटर इकडेतिकडे झाले की अनुनाद २५-३० नॅनोमीटरने सरकतो, म्हणजे नेम साफ हुकतो. आधी नुसत्या काचेवर चाचणीचे थर देऊन जाडी मोजावी. हेही ऋतू बघून करावे: श्रावणातल्या दमट हवेत थर दुधाळ होतो आणि मे महिन्यात तापलेल्या खोलीत टोल्युइन इतके झपाट्याने उडते की थर जाड आणि पट्टेदार येतो. दोन ऋतूंतले नमुने एकाच आलेखात घालू नयेत.

वरची चांदी चढवताना बोटीच्या, म्हणजे चांदी वितळवून उडवणाऱ्या तापलेल्या धातूच्या पात्राच्या, धगीने पीएमएमए मऊ पडू शकते. ते १०५ अंशांच्या आसपास ढिले होते. नमुना बोटीपासून २० सेंटीमीटर तरी लांब ठेवावा. तयार नमुना लगेच बंद डबीत टाकावा. शेजारीच रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि तिथे हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करणारे किपचे उपकरण चालू असेल, तर चांदी काळी पडायला वेळ लागत नाही.

आता दोन शिखरांकडे. ती फसवी निघण्याची निदान तीन कारणे आहेत. थर स्पिन न करता ड्रॉपरने थेंब टाकून सुकवला, तर तो सहज ५ मायक्रॉनचा होतो. अशा कॅव्हिटीत लागोपाठचे मोड, म्हणजे अनुनाद, साधारण २५ नॅनोमीटर अंतरावर येतात आणि डॉटच्या एकाच रुंद उत्सर्जनात दोन मोड दिसतात. दुसरे, नमुन्याच्या कडेतून किंवा चांदीच्या छिद्रांतून निसटलेला डॉटचा मूळ प्रकाश कॅव्हिटीच्या शिखराशेजारी येऊन बसतो. तिसरे, कोन मोठा झाला की दोन ध्रुवणांचे (प्रकाशलहरींच्या कंपनाच्या दोन दिशांचे) अनुनाद वेगळे होतात. ध्रुवण निवडणारे पोलरॉइड न लावता परावर्तन मोजले तर अनुनादाची दरी दुहेरी दिसणारच.

खात्री करायची तर उत्सर्जनावर विसंबू नये, परावर्तन मोजावे. हॅलोजन दिवा, पोलरॉइड, फिरती चकती, स्पेक्ट्रोमीटर. ० ते ६० अंश, ५-५ अंशांनी. काटकोनी प्रकाशातला अनुनाद डॉटच्या शोषणरेषेच्या ४०-५० नॅनोमीटर तांबड्या बाजूला ठेवावा, कारण कोन वाढला की तो निळ्याकडे सरकतो: ६५० चा अनुनाद ४५ अंशांना ५७० च्या जवळ येतो. स्ट्राँग कपलिंग असेल तर कोनानुसारच्या आलेखात अनुनादाची आणि डॉटची अशा दोन रेषा जवळ येतात पण एकमेकींना छेदत नाहीत, बीएस्सीच्या प्रात्यक्षिकातल्या स्प्रिंगने जोडलेल्या दोन लंबकांच्या वारंवारता जशा कधीच एक होत नाहीत तशा. शिवाय डॉटचे प्रमाण एक चतुर्थांश केले तर मधली फट निम्मी व्हायला हवी. ती तेवढीच राहिली तर दावा तिथेच सोडून द्यावा.

मुळात साध्या गोल डॉटकडून ही अपेक्षाच फार आहे. सगळे डॉट एका मापाचे नसतात, त्यामुळे त्यांची रेषा २५-३० नॅनोमीटर, म्हणजे ८० ते १०० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट रुंद असते. चांदीच्या कॅव्हिटीचा क्यू (अनुनाद किती अरुंद आहे याचे माप) ३० च्या आसपास. तिची रुंदी आणखी ६५-७० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट. फट या दोहोंच्या सरासरीपेक्षा मोठी नसेल तर दिसणार कशी? १९९२ साली अर्धवाहकाच्या कॅव्हिटीत, गॅलियम आर्सेनाइडमध्ये, हा परिणाम प्रथम दिसला तो कमी तापमानाला, अतिशय अरुंद रेषांच्या जोरावर. सामान्य तापमानाला हवा असेल तर कॅडमियम सेलेनाइडच्या चपट्या नॅनोप्लेटलेट घ्याव्यात. त्यांची रेषा १० नॅनोमीटरपेक्षा फारशी रुंद नसते.

डॉटचे आयुर्मान (उत्तेजित झाल्यावर प्रकाश देईपर्यंतचा वेळ) घटले म्हणून लगोलग १९४६ च्या पर्सेल परिणामाचा, म्हणजे कॅव्हिटीमुळे उत्सर्जन वेगाने होण्याचा, हवाला देणेही घाईचे. चांदीला खेटून असलेला डॉट आपली ऊर्जा धातूत गमावतो आणि त्यानेही आयुर्मान घटते. आयुर्मानाबरोबर एकूण उजेडही कमी झाला असेल, तर आधी संशय चांदीवर घ्यावा.

डॉटने रंग बदलला, उत्सर्जन अरुंद झाले, कोनानुसार सरकले, एवढे निघाले तरी प्रकल्प पुरेसा आहे. परीक्षकांनी त्याला कमी लेखू नये. ४०५ नॅनोमीटरचा लेसर वापरताना योग्य चष्मा लावावा आणि कॅडमियमचे द्रावण बेसिनमध्ये ओतू नये. आणि आपल्या वार्ताहरांना विनंती, की अशा यशाची बातमी छापण्याआधी त्यांनी कोनानुसार घेतलेला परावर्तनाचा आलेख मागून घ्यावा.

आपले,
भौतिकशास्त्राचे काही प्राध्यापक,
नांदेड व परभणी