मकातीहून (फिलिपिन्स) आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

फोनवर रोज बोलणं होतंच, पण आईला कागदावरचंच पत्र हवं, म्हणून लिहायला बसले. मी मजेत आहे. टीव्हीवर दाखवलं ते वादळ कागायानकडे गेलं. नकाशात बघा, ते पार वरच्या टोकाला आहे. इथे नुसता पाऊस झाला, आणि पावसाचं कौतुक साताऱ्याच्या माणसांना काय सांगायचं! जेवणाचेही हाल नाहीत. मनिलातल्या पाको भागात हिंदू देवळाच्या जवळपास तूरडाळ, कणीक सगळं मिळतं. फोटोत गाल बसल्यासारखे दिसतात ते उजेडामुळे.

बाबा, तुमच्यासाठी एक गंमत. आमच्या घरमालकीणबाई मूळच्या सेबूच्या. त्यांनी यंदा पालांका या साहित्य स्पर्धेला कथा पाठवली. इथे त्या पुरस्काराचा मान फार. डॉन कार्लोस पालांका म्हणजे दारू गाळण्याच्या धंद्यातलं बडं प्रस्थ. त्यांच्या नावानं घरच्यांनी 1950 मध्ये ही बक्षिसं सुरू केली. (आई, नाक मुरडू नकोस, पैसा कथांवरच जातो.) इंग्रजी आणि फिलिपिनो आहेतच, शिवाय सेबुआनो, इलोकानो, हिलिगायनॉन या भाषांतल्या कथांनाही वेगळी बक्षिसं. पाच वेळा पहिलं आलं की 'हॉल ऑफ फेम'.

पण खरी गंमत पुढेच. कथेवर लेखकाचं नाव कुठेही चालत नाही, आणि सोबतचा अर्ज मात्र नोटरी केलेला लागतो! म्हणजे आपण भाडेकरार करतो तसं. कथा माझीच आहे, कुणाची उचललेली नाही, असं वकिलासमोर लिहून द्यायचं. मी बाईंबरोबर गेले होते. झेरॉक्सच्या दुकानामागे टेबल, घरघरणारा पंखा. वकिलानं ओळखपत्र पाहिलं, सही घेतली आणि दाबायच्या शिक्क्यानं कागद असा दाबला की अक्षरं बोटाला लागावीत. कथा कशावर आहे, हे विचारलंसुद्धा नाही. बाई जरा हिरमुसल्या. मग रिक्षात मलाच सगळी कथा ऐकवली, अर्धी मला कळलीही नाही. तुम्ही दिवाळी अंकाला पाकीट टाकून मोकळे होता, तुम्हाला वकिलाकडे पाठवलं असतं तर काय म्हणाला असता?

हो, यंदाची तुमची कथा टाईप करायची राहिलीच असेल. दादाला वेळ होत नाही, ठाऊक आहे. पानांचे फोटो पाठवा, मी रात्री बसून करते. तुमचं अक्षर मला लागतं.

आता कामाचं. इथे पगार महिन्यातून दोनदा होतो, पंधरा तारखेला झाला की घराचा हप्ता पाठवते. डिसेंबरात तेरावा पगार मिळतो, तो इथे कायद्यानंच द्यावा लागतो. त्यातून माडीचे पत्रे बदलून घ्या, माझ्यासाठी ठेवू नका.

कराडच्या मंडळींना दिवाळीत बोलावू नका. मुलगा वाईट आहे असं म्हणत नाही, फोटो पाहिला. पण मी दिवाळीला येत नाहीये. ऑफिसनं आणखी वर्षभर थांबायला विचारलं, मी हो म्हटलंय. आई, फोनवर सांगणार होते, पण तू चकल्यांचं बोलत होतीस.

तुमची,
बेबी

ता. क. बाबांनी डोळे तपासून घ्यावेत, पैसे वेगळे पाठवलेत.