ओळन् ओळ वाचणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांत मानल्याशिवाय राहवत नाही.

एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरसाठीचा माझा निऑन असेंब्लीचा पॅच (म्हणजे एआरएम प्रोसेसरच्या, एकदम अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचनांत हातानं लिहिलेला कोडमधला बदल) तुम्ही ओळन् ओळ वाचलात. मगरपट्ट्यातली नोकरी, कोथरूडचं घर, संध्याकाळ सगळी ट्रॅफिकमध्ये जाते. तरी रात्री जेवणं आटोपल्यावर तुम्ही त्यासाठी बसत होतात. असेंब्ली हातानं लिहिणारे मुळात थोडे, आणि दुसऱ्यानं लिहिलेली मन लावून वाचणारे त्याहून थोडे.

फंक्शन छोटंसं होतं: दोन ब्लॉकच्या पिक्सेलची सरासरी. दोघांची बेरीज, त्यात एक मिळवायचा, मग निम्मं. बेरीज आठ बिटांत मावत नाही म्हणून मी सगळं १६ बिटांवर नेऊन परत खाली आणत होतो. उत्तर बरोबर येत होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, ‘यूआरएचअ‍ॅड का नाही?’ प्रोसेसरची ती एकच सूचना १६ पिक्सेलची सरासरी एका दमात काढते, रुंदी न वाढवता. माझ्या कितीतरी ओळी गळून पडल्या. रजिस्टरचंही, म्हणजे प्रोसेसरमधल्या आकडे ठेवायच्या जागांचंही, तसंच. व्ही८ ते व्ही१५ वापरायचे तर त्यांचे खालचे ६४ बिट आधी जपून ठेवावे लागतात. व्ही१६ पासून पुढचे घे म्हणालात आणि ते कामच उरलं नाही.

सगळ्यात मोलाचं शिकवलंत ते कॉर्टेक्स-ए५३ बद्दल, म्हणजे स्वस्तातल्या फोनमधल्या छोट्या कोअरबद्दल (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला सूचना चालवणारा भाग). मोठे कोअर सूचनांचा क्रम आपापला मागेपुढे करून घेतात. ए५३ ला ते जमत नाही. मेमरीतून मागवलेला डेटा लगेच पुढच्याच सूचनेत वापरला, की तो हाती येईपर्यंत हा कोअर खोळंबतो. म्हणून या ओळीची सरासरी काढायच्या आधीच पुढची ओळ मागवून ठेवायची, हे तुम्ही चेकअझम या एफएफएमपेगच्या तपासणी-प्रोग्रॅमचे वेगाचे आकडे शेजारी ठेवून दाखवलंत. ‘स्वारगेटच्या स्टँडवर रिक्षावाले दादा कीर्तन बघतात ते स्वस्तातल्या फोनवर. नुसतं नव्या लॅपटॉपवर मोजून काय उपयोग?’ हे तुमचं वाक्य मी तेव्हापासून कामाला लावलंय. छोट्या कोअरवर मोजल्याशिवाय आता पॅच पाठवत नाही.

आणि तुमचा काटेकोरपणा! त्याच फंक्शनच्या सी भाषेतल्या कोडच्या उत्तराशी बिटन् बिट जुळलंच पाहिजे, ‘डोळ्याला कळत नाही’ हे चालणार नाही. ते का, हेही तुम्ही समजावलंत: पुढची फ्रेम मागचीवरून बनते, त्यामुळे एका पिक्सेलमधला एकाचा फरकही पुढे पुढे सरकत जातो. नुसतं ‘बदल’ म्हणून सोडलं असतंत तर मी बदललं असतं, शिकलो नसतो.

पुढचा पॅच आडव्या फिल्टरचा आहे. त्यात ट्रान्सपोज (आडव्या ओळींच्या उभ्या ओळी करणं) टाळता येतोय असं वाटतंय. सवड झाली की बघाल ना?

तुमचा,
सिंहगड रोडवरचा एक विद्यार्थी