गोगलगायीचा मासा केलात!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला 'बर्फाखालचा देवदूत' हा क्लिओन या समुद्री जिवावरचा लेख वाचला. फोटो झकास. पण 'क्लिओन हा इवलासा पारदर्शक मासा' हे वाक्य तुमच्याकडे कुणाच्याच नजरेला खुपलं नाही? क्लिओन लिमासिना ही गोगलगाय आहे. पाठीवर शंख दिसत नाही म्हणून तिचा मासा होत नाही. अंड्यातून निघालेल्या पिलाला शंख असतो, तो थोड्याच दिवसांत गळून पडतो.

एरवी सोडून दिलं असतं. पण माझ्या सातवीतल्या नातीनं शाळेच्या भित्तिपत्रकावर 'समुद्री गोगलगाय' असं बरोबर लिहिलं होतं. सोमवारी बाईंनी तुमचं कात्रण दाखवून ते खोडायला लावलं. पोरगी रडत घरी आली. पावसाळ्यात आमच्या परड्यातली गोगलगाय काचेवर चालवून तिनं खालून तिचा पाय निरखलाय. त्याच पायाचे क्लिओनला दोन पंख झालेत, हे तिला मी समजावलं होतं. पण तेहतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेला आजोबा खोटा, पेपरात आलेलं खरं!

आणि 'निरागस' म्हणे. 'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण लेखकमहाशयांच्या कानावर नसावी. या देवदूताच्या डोक्यातून सहा मांसल शुंडा बाहेर येतात, लिमासिना नावाच्या शंखवाल्या समुद्री गोगलगायीला पकडतात आणि शंखातून तिला ओढून काढून फस्त करतात. दुसरं खाणं जवळपास चालतच नाही. आमच्याकडच्या बांधाच्या भांडणांनाही लाजवेल अशी भाऊबंदकी.

शेजारी पेंग्विन कशाला छापलात? क्लिओन लिमासिना ही उत्तरेकडची. दक्षिणेकडची बहीण क्लिओन अंटार्क्टिका, ती वेगळी. तिच्या अंगातलं रसायन माशांना सोसत नाही, म्हणून कोळंबीच्या जातकुळीतला एक चिमुकला जीव तिला धरून पाठीवर घेऊन हिंडतो. मग मासे त्यालाही शिवत नाहीत. जिच्या बहिणीला मासे खात नाहीत, तिलाच तुम्ही मासा केलंत.

दुरुस्ती छापावी ही नम्र विनंती. आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको, कात्रण काढता येईल एवढी मोठी असावी. बाईंना दाखवायची आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. : दोन रविवार झाले, शब्दकोड्याची उत्तरं आलेली नाहीत. उभा चौदा माझा अजून अडलाय.