चिठ्ठीच्या मागच्या चित्राबद्दल

डॉक्टर मॅडम,

नमस्कार. त्या दिवशी निघताना नीट आभारही मानले नाहीत, घसा दाटून आला होता.

तुमच्याआधी दोघांना दाखवून झालं होतं. एकानं मान वर न करता 'रंग उजळेल' म्हणून क्रीम लिहिलं. दुसऱ्यानं तेच चालू ठेवायला सांगितलं, फी मात्र वेगळी घेतली. पोरीचा चेहरा लालबुंद, उन्हात गेली की आग आग. तरी ट्यूबवरचं बारीक अक्षर कुणी वाचलं नाही. तुम्ही वाचलं. स्टिरॉइड होतं त्यात.

औषधाचं सोडा. तुम्ही खुर्ची तिच्याजवळ ओढलीत, चिठ्ठी उलटी केलीत आणि विचारलंत, "घरी जवसाचं तेल आहे नं? उन्हात ठेवलं तर काय होते?"

"खवट." डॉक्टरसमोर ती पहिल्यांदा बोलली!

मग तुम्ही पेशी काढलीत. पेशीच्या आवरणातही स्निग्ध पदार्थच असतात. अतिनील किरणांनी एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, साखळीच लागते. मेलॅनिन, म्हणजे कातडीतलं रंगद्रव्य, ते किरण आधीच शोषतं, त्यांची उष्णता करून टाकतं, मोकाट सुटलेले रॅडिकल, म्हणजे ही साखळी लावणारे बिघडलेले रेणू, तेही पकडतं. पण ते काळं-तपकिरी मेलॅनिन. लालसर असलं तर उन्हात उलटा त्रास वाढवू शकतं. केंद्रकावर मेलॅनिनचे बारीक ठिपके देत तुम्ही म्हणालात, "हे बघ, नवतप्यात आपण दुपट्टा बांधतो नं, तसा ह्या पेशीनं बांधला." रंग बनवणाऱ्या पेशी गोऱ्यांत-काळ्यांत साधारण तेवढ्याच असतात, हे ऐकून तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली बघितलं. बेसन-हळद घेऊन तिच्या मागे लागणारी मीच होते ना. 'ग्राउंडवर जाऊ नको, आणखी काळी होशील' हेही माझंच.

बाहेर बाकांवर माणसं ताटकळत होती. तुमची पाच मिनिटं गेली असतील. डिग्र्या भिंतीवर पुष्कळांच्या असतात हो, चौदा वर्षांच्या पोरीशी बरोबरीनं बोलणारं माणूस कुठे भेटते?

चेहरा आता शांत आहे. चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. 'हा दुपट्टा पुरत नाही, टोपी लागेलच' हे तुमचं वाक्य तिनं खाली लिहिलंय, आणि टोपी घालून ती पुन्हा कबड्डीला जाते. परवा खिडकीतली जवसाच्या तेलाची बाटली तिनं कुणाला न सांगता अंधाऱ्या फडताळात ठेवली. सासूबाई दिवसभर शोधत होत्या.

आपली,
त्या पोरीची आई, नागपूर