ग्वाल्हेरच्या ताईंना, बडोद्याहून

ती. ताई,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण फोनवर आभाराचा शब्द निघाला की तुम्ही आईच्या शुगरची चौकशी सुरू करता. इथे मला पूर्ण बोलता येईल. शिवाय आज कुणाच्या तरी घरी, अमेरिकेत अटकेत असलेल्या आपल्या माणसाच्या फोनची वाट बघत माणसं जागी असतील. तुम्ही काय काय केलंत ते त्यांच्याही कानावर जायला हवं.

नवरात्राची पाचवी माळ होती. गरबे थांबून तास झाला असेल, रात्री दीडला अमेरिकेतून माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचा फोन आला. कामावरून परतताना त्याची गाडी अडवली आणि इमिग्रेशनवाल्यांच्या ताब्यात दिलं, एवढंच तिला ठाऊक होतं. तिच्या मांडीवर आठ महिन्यांचं बाळ. तिसऱ्या दिवशी कळलं की त्याला त्या राज्यातून हलवलंय. कुठे, ते सांगायला कुणी नाही. तिकडे कोठडीतल्या माणसाला बाहेरून फोन लावता येत नाही, त्यानंच केला तर.

अटकेतल्या माणसाला शोधायचं एक सरकारी संकेतस्थळ आहे. नऊ आकडी ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्यानं परदेशी माणसाला दिलेला क्रमांक, आणि जन्मदेश घाला, नाहीतर नाव आणि जन्मदेश. नाव मात्र अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. ए-नंबर आमच्याकडे नव्हता. मी दांडिया बाजारातल्या आमच्या माडीवर बसून पासपोर्टावरचं नाव पन्नास वेळा घातलं असेल. प्रत्येक वेळी उत्तर शून्य. त्या दोन दिवसांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते आईला आजवर सांगितलेलं नाही.

माझ्या वर्गमैत्रिणीचा भाचा न्यू जर्सीत, त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून पुढे कुणीतरी, असं करत आमचा निरोप लुईझियानात तुमच्यापर्यंत पोचला. ना ओळख, ना पाळख. तुम्ही फोन केलात आणि धीर देण्यात वेळ न घालवता विचारलंत, "त्याच्या शाळेच्या दाखल्यावर नाव कसं आहे?" मग म्हणालात, ग्वाल्हेरच्या हिंदी कारकुनानं तुमच्या माहेरच्या आडनावातला ळ कायमचा ल करून टाकला, म्हणून नावांचे घोळ तुम्हाला पाठ आहेत. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. आमच्या गुजरातेत आडनाव आधी येतं. शाळेत बाईंनी धाकट्याच्या नावाला 'कुमार' जोडलं, ते दहावीच्या दाखल्यावर गेलं आणि तिथून पासपोर्टावर. त्याच्या तिकडच्या लायसन्सवर कुमार नाही, आणि आडनावातला एचही नाही. तुम्ही कागदावर सगळ्या जोडण्या मांडल्यात आणि एकेक घालत गेलात. अकराव्या जोडणीला तो सापडला. तुमच्या घरापासून सव्वादोनशे किलोमीटरवर.

त्या रविवारी तुम्ही गाडी काढलीत. काचेपलीकडे बसलेल्या अनोळखी मुलाला तुम्ही "जेवलास का रे?" असं मराठीत विचारलंत, आणि तो रडला. हे त्यानं मला परवा सांगितलं, तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. त्यानंतर एकही रविवार तुम्ही चुकवला नाहीत. त्याच्या फोनच्या खात्यात पैसे भरलेत. वकिलातीला कळवायचं तर ते त्यानं स्वतः मागायला हवं, हेही तुम्हीच त्याच्या डोक्यात घातलंत. कुलभूषण जाधवांच्या खटल्यामुळे 2019 मध्ये व्हिएन्ना कराराचं छत्तिसावं कलम आम्ही बातम्यांत ऐकलं होतं. परदेशात अटक झालेल्याला आपल्या देशाच्या वकिलातीशी बोलायचा हक्क आहे, एवढं माहीत होतं. पण काही देशांच्या बाबतीत अमेरिका न विचारता कळवते आणि भारत त्या यादीत नाही, हे कुठे ठाऊक? त्यानं मागितलं, मी इथून आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार घातली, तेव्हा ह्यूस्टनच्या वकिलातीतून विचारणा झाली.

दुसऱ्या भेटीत तुम्ही त्याला हातातला आरोपाचा कागद ओळ न् ओळ वाचायला लावलात. तिथे लिहिलं होतं की हा तपासणीशिवाय देशात शिरला. ताई, ते धादांत खोटं होतं. 2011 च्या ऑगस्टमध्ये तो विद्यार्थी व्हिसावर, विमानानं, शिक्का मारून घेऊन गेला. अहमदाबादच्या विमानतळावर जाताना बाबा त्याला सांगत होते की 1913 मध्ये सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कला शिकायला धाडलं, तू त्याच गावचा आहेस हे विसरू नकोस. नंतर तो मुदतीपेक्षा जास्त राहिला, ही चूक मी झाकणार नाही. पण बायको तिथली नागरिक, आणि शिक्का मारून आत आलेल्या नवऱ्याला अशा लग्नावर ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो. अर्जाची जुळवाजुळव चालू होती. तो खोटा शेरा मात्र सगळंच बुडवत होता. 2025 च्या सप्टेंबरात तिथल्या इमिग्रेशन अपील मंडळानं ठरवलं होतं की तपासणीशिवाय आलेल्याला इमिग्रेशन न्यायाधीशांपुढे जामिनाची सुनावणीच नाही. म्हणजे तो शिक्का दाखवता आला तर दार उघडणार, एरवी नाही.

आणि शिक्का असलेला जुना पासपोर्ट आमच्या कपाटात होता.

बाबा गेले तेव्हा त्याला येता आलं नाही. घराच्या वारसाईसाठी त्यानं कुलमुखत्यारपत्र पाठवलं, सोबत ओळखीसाठी रद्द झालेला पासपोर्ट. काम झाल्यावर त्यानं दोनदा मागितला, अर्जाला लागतो म्हणून. मी दोन्ही वेळा म्हटलं, कोणी येणारं मिळालं की देते. त्यातच वर्ष गेलं. तुम्ही पासपोर्टाबद्दल विचारलंत तेव्हा मी हे सगळं कबूल केलं. माझ्यामुळे भाऊ आत आहे, असं म्हणाले. तुम्ही थोडा वेळ गप्प होतात. मग म्हणालात, "त्याच्याजवळचं सगळं जमा झालंय. हा तुमच्या कपाटात होता म्हणून आज आपल्या हाताशी आहे. उठा आणि तो काढा."

मी उठले. शालूच्या घडीखालून तो काढला. कोपरा कापलेला, आणि आत स्टेपल केलेलं पांढरं आय-94 कार्ड, म्हणजे तिथल्या प्रवेशाची नोंद, त्या वेळी कागदाची असायची ती. वर अकरा आकडी नंबर, प्रवेशाचा शिक्का, तारीख, आणि हातानं लिहिलेलं डी एस, म्हणजे शिक्षण चालू असेपर्यंत राहायची परवानगी. पंधरा वर्षांत त्या कार्डाकडे आम्ही कुणी बघितलंसुद्धा नव्हतं. तुम्ही मात्र फोटो बघताच म्हणालात, "पिन काढू नका, तसंच स्कॅन करा."

पुढचा महिना कागदांचा. चिमणाबाईंच्या नावाच्या न्यायमंदिरासमोरून मी रोज जाते, पण ॲफिडेव्हिट म्हणजे काय ते या वयात शिकले. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र करून घेतलं. जन्मदाखला गुजरातीतला, त्याचं इंग्रजी करायचं आणि खाली अनुवाद करणाऱ्यानं लिहून द्यायचं की मला ही भाषा येते आणि अनुवाद अचूक आहे. हे एक वाक्य नसेल तर कागद परत येतो, हे तुम्ही सांगितलंत. मध्ये इथल्या एका एजंटानं दहा लाखांत 'वरून' काम करून देतो म्हणून आईला गाठलं. तुम्ही म्हणालात, त्याला फक्त वकिलीचा नोंदणी क्रमांक विचारा. तो पुन्हा आला नाही. त्या कोर्टात सरकारी खर्चानं वकील मिळत नाही, म्हणून तुम्ही मोफत मदत करणाऱ्यांच्या सरकारी यादीतले सगळे फोन लावलेत. शेवटी निम्म्या फीवर वकीलबाई मिळाल्या.

नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली आणि आपल्यातलं अंतर साडेदहाचं साडेअकरा तास झालं. सुनावणी तुमच्याकडे सकाळी साडेआठला, इथे रात्री आठ. आईनं देवापाशी समई लावली आणि ती तिथेच बसून राहिली. दहा वाजून दहा मिनिटांनी तुमचा निरोप आला: "कार्ड मान्य. जामीन सहा हजार डॉलर." कमीत कमी दीड हजाराचा असतो, आणि सगळी रक्कम एकदम भरावी लागते, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत. आईनं पाटल्या मोडल्याच होत्या. पैसे त्याच्या बायकोनं भरले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला सोडणार, पण कधी ते कुणी सांगेना. तुम्ही फाटकाबाहेर पाच तास गाडीत बसून होतात. अडुसष्ट दिवसांनी त्याचा आवाज ऐकला तो तुमच्या फोनवरून. म्हणाला, "आईला उठवू नकोस, तिकडे रात्र असेल." मागून तुमचा आवाज आला, "अरे, बडोद्यात सकाळचे साडेआठ वाजलेत." तुमच्या डब्यातली पोळी तो खात होता, ते बोलण्यातूनच कळत होतं. आई फोन कानाला लावून ते नुसतं ऐकत बसली.

खटला संपलेला नाही. पुढच्या तारखा आहेत, ग्रीन कार्डाचा अर्ज आहे. पण तो आता घरी झोपतो आणि बाळ त्याला ओळखायला लागलंय.

पेट्रोलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. आई म्हणाली, मग खाऊला तरी नाही म्हणता येणार नाही. लीलो चिवडा, भाकरवडी आणि तिनं स्वतः विणलेला लोकरीचा स्कार्फ, तुमच्या त्या थंडीतल्या रविवारच्या गाडीसाठी. एक नातेवाईक फेब्रुवारीत तिकडे जाणार आहेत, त्यांच्याबरोबर देता आलं असतं. मी थांबले नाही. काल दुपारीच रावपुऱ्यातून कुरिअरला टाकलं.

तुमची,
दांडिया बाजारातली धाकटी बहीण